आंतरविद्याशाखीय पीएच.डी. : नियम, टप्पे आणि दुसऱ्या विषयाची कसोटी

गोषवारा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीने पीएच.डी.च्या प्रवेशापासून मौखिक परीक्षेपर्यंतचे टप्पे निश्चित केले आहेत. आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी या नियमावलीत सहमार्गदर्शकाची सोय आहे; तथापि दुसऱ्या विषयातील तयारी कोणत्या टप्प्यावर तपासावी, याचा स्वतंत्र निर्देश नाही. परिणामी ही तपासणी बहिःस्थ परीक्षकापर्यंत पुढे ढकलली जाण्याचा धोका संभवतो. प्रस्तुत लेखात प्रत्येक टप्प्याची आवश्यकता स्पष्ट करून, त्या त्या टप्प्यावर संशोधन सल्लागार समितीने दुसऱ्या विषयाची कसोटी कशी लावावी, याची चर्चा केली आहे.

1. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या विद्याव्यवहारास आंतरविद्याशाखीय संशोधन अपरिचित नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणिती. तक्षशिला येथील आहत नाण्यांची वजने करून, चलनात झिजलेल्या नाण्यांवरून प्राचीन इतिहासाविषयी काय सांगता येईल, याचा त्यांनी संख्याशास्त्राच्या आधारे विचार केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे केलेल्या उत्खननात पुरातत्त्वज्ञांच्या जोडीला धान्याचे अवशेष, प्राण्यांची हाडे आणि मानवी सांगाडे यांचे अभ्यासक काम करीत होते. ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्याच्या जीवनाचे जे चित्र त्यातून उभे राहिले, ते केवळ खापरांच्या अभ्यासातून उभे राहिले नसते.

असे संशोधन स्वतंत्रपणे करणे ही एक गोष्ट आणि ते पदवीच्या चौकटीत बसविणे ही दुसरी. पदवीसाठी प्रवेश, मार्गदर्शक, अभ्यासक्रम, परीक्षक आणि मुदत यांची व्यवस्था लागते. आणि ही सारी व्यवस्था मुख्यतः एकेका विषयाच्या आधारे उभी आहे. दोन विषयांमध्ये उभ्या राहणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याला या व्यवस्थेतून मार्ग काढावा लागतो. हा मार्ग समजून घेणे मार्गदर्शक म्हणून काम करणाऱ्या आणि सेवेत असताना स्वतः पीएच.डी. करणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या प्राध्यापकांसाठी आवश्यक आहे.

2. संकल्पना

‘बहुविद्याशाखीय’ आणि ‘आंतरविद्याशाखीय’ हे शब्द पुष्कळदा समानार्थी वापरले जातात. त्यांत भेद आहे. एकाच विषयवस्तूकडे अनेक शास्त्रांनी आपापल्या जागेवरून पाहिले, तर तो अभ्यास बहुविद्याशाखीय होय. एका शास्त्राचा पुरावा दुसऱ्या शास्त्राच्या निष्कर्षाला बदलू शकेल अशा रीतीने दोन्ही पद्धती एकत्र येतात, तेव्हा तो आंतरविद्याशाखीय ठरतो.

उदाहरणार्थ, पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मालगुजारी तलाव आहेत. यांतील अनेक तलावांच्या उभारणीशी गोंड राजवट आणि कोहळी समाज यांचा इतिहास निगडित आहे. मासेमारीसाठी ढिवर समाज त्यांवर अवलंबून राहिला. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर तलावांच्या व्यवस्थापनाचे स्वरूप पालटले. एखाद्या विद्यार्थ्याने तलावांचा इतिहास एका प्रकरणात आणि तेथील पाणवनस्पतींची सूची दुसऱ्या प्रकरणात दिली, तर ती दोन विषयांची केवळ शेजारशेजारची मांडणी होईल. व्यवस्थापन बदलल्याचा वनस्पती आणि मासे यांवर काय परिणाम झाला, असा प्रश्न त्याने विचारला तर मात्र त्याला महसुली कागदपत्रेही वाचता आली पाहिजेत आणि वनस्पतींचे शास्त्रीय नमुनेही घेता आले पाहिजेत. हेच कल्पित उदाहरण पुढील विवेचनात आधारासाठी घेतले आहे.

3. विद्याशाखेचा प्रश्न

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार विद्यापीठात चार विद्याशाखा आहेत : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. या चौथ्या विद्याशाखेच्या नावामुळे काहीसा गोंधळ होतो. शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र यांसारखे विषय तिच्यात समाविष्ट केले जातात. म्हणून या विद्याशाखेतील प्रत्येक प्रबंध संशोधनाच्या अर्थाने आंतरविद्याशाखीय असतोच असे नाही. उलट मालगुजारी तलावांचा आपला विद्यार्थी इतिहास विषयात नोंदला गेला, तर त्याचा प्रबंध मानव्यविद्या शाखेत राहील आणि तरीही तो खऱ्या अर्थाने आंतरविद्याशाखीय असेल.

नोंदणी कोणत्या विषयात होते, याचे परिणाम पदवीनंतरही होतात. अध्यापकांच्या नेमणुकीसंबंधी आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत, सहयोगी प्राध्यापकपदासाठी संबंधित, संलग्न अथवा सुसंगत विषयातील पीएच.डी. अपेक्षिली आहे. त्यामुळे विषयाची निवड ही केवळ कार्यालयीन बाब समजता येत नाही. ती करताना विद्यार्थ्याची पदव्युत्तर पदवी, प्रबंधातील मुख्य प्रश्न आणि पुढे तो कोणता विषय शिकविणार, या तिन्ही गोष्टी मार्गदर्शकाने नोंदणीपूर्वीच त्याच्यासमोर मांडणे इष्ट आहे.

4. पीएच.डी.चे टप्पे

(अ) पात्रता व प्रवेश : तीन वर्षांच्या पदवीनंतरची दोन वर्षांची किंवा चार वर्षांच्या पदवीनंतरची एक वर्षाची पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्के गुणांसह आवश्यक आहे. चार वर्षांच्या पदवीत किमान 75 टक्के गुण मिळविणाऱ्यालाही थेट प्रवेशाची पात्रता आहे. आरक्षित व अन्य निर्दिष्ट प्रवर्गांना 5 टक्के सवलत आहे. एम.फिल. हा टप्पा या नियमावलीने बंद केला.

2022 च्या नियमावलीतील प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विशिष्ट विषयावर असतात. जून 2024 च्या सत्रापासून नेट परीक्षेच्या आधारे पीएच.डी. प्रवेशाची तीन प्रवर्गांची व्यवस्था आयोगाने सुरू केली. शिष्यवृत्तीस पात्र न ठरलेल्या दोन प्रवर्गांत नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भारांश आहे. नेटची दुसरी प्रश्नपत्रिका एकाच विषयाची असते. याचा अर्थ लेखी परीक्षा विद्यार्थ्याचा एक विषय तपासते. दुसऱ्या विषयातील त्याची गती जाणून घेण्याची या टप्प्यावरील जागा म्हणजे मुलाखत. मुलाखत मंडळात दुसऱ्या विषयाचा तज्ज्ञ नसेल, तर ही संधी हातची जाते.

(आ) मार्गदर्शक व सहमार्गदर्शक : प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापकाला पीएच.डी.सह समीक्षित नियतकालिकांतील किमान पाच, तर सहायक प्राध्यापकाला पीएच.डी.सह किमान तीन शोधनिबंध असल्यास मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळू शकते. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी विभागाबाहेरील, महाविद्यालयाबाहेरील अथवा विद्यापीठाबाहेरील सहमार्गदर्शक नेमता येतो.

ही तरतूद महत्त्वाची आहे. परंतु ती ऐच्छिक आहे, आणि सहमार्गदर्शक केवळ कागदोपत्री राहिला तर तिचा हेतू साध्य होत नाही. आपल्या उदाहरणात इतिहासाचा मार्गदर्शक आणि वनस्पतिशास्त्राचा सहमार्गदर्शक असेल, तर नमुने कसे व किती काळ घ्यावयाचे, कोणती प्रकरणे कोण तपासणार आणि मतभेद झाल्यास निर्णय कसा होणार, हे आरंभीच लेखी ठरलेले असावे. तसे न झाल्यास दोन मार्गदर्शकांच्या परस्परविरोधी सूचनांत विद्यार्थ्याची ओढाताण होते.

(इ) पूर्व-अभ्यासक्रम : पीएच.डी.च्या पूर्व-अभ्यासक्रमास, म्हणजेच कोर्स वर्कला, किमान 12 श्रेयांक आहेत. त्यांत संशोधनपद्धती हा विषय आणि दोन श्रेयांकांचा ‘संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता’ हा अभ्यासक्रम अनिवार्य आहे. किमान 55 टक्के गुण मिळाल्याखेरीज पुढे जाता येत नाही. आयोगमान्य ऑनलाइन अभ्यासक्रम श्रेयांकांत धरण्याची शिफारस संशोधन सल्लागार समिती करू शकते.

दुसऱ्या विषयाची उणीव भरून काढण्याची सर्वांत योग्य वेळ हीच होय. सर्वांना एकच ठरीव अभ्यासक्रम देणे विभागास सोयीचे असते. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याने उर्वरित श्रेयांकांत इतिहासलेखनशास्त्राचाच आणखी एक अभ्यासक्रम केला आणि पाणथळ परिसंस्थेविषयी काहीच शिकला नाही, तर त्याला गुण मिळतील, पण प्रबंधासाठी लागणारे साधन मिळणार नाही. कोणता अभ्यासक्रम घ्यावा हे निश्चित करणे समितीच्या कार्यकक्षेत येते; या अधिकाराचा वापर येथे व्हावयास हवा.

(ई) संशोधन आराखडा : आराखड्याचे परीक्षण करून विषय निश्चित करणे आणि अभ्यासाची रचना व पद्धती ठरविण्यास साहाय्य करणे, हे समितीचे काम आहे. संशोधन मार्गदर्शक तिचा निमंत्रक असतो. आंतरविद्याशाखीय आराखड्याला तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते. हा प्रश्न एकाच शास्त्राच्या साधनांनी सुटण्यासारखा नाही, हे दाखविले आहे काय? प्रत्येक शास्त्रात पुरावा म्हणून काय ग्राह्य धरले जाते, हे सांगितले आहे काय? आणि दोन पुरावे परस्परविरोधी आले तर काय करावयाचे, याचा विचार केला आहे काय? जुन्या दप्तरात एखादा तलाव बारमाही म्हटला आहे आणि गाळाच्या व वनस्पतींच्या अभ्यासातून तो अधूनमधून कोरडा पडत असल्याचे दिसते, अशी स्थिती आल्यास खरे संशोधन तेथूनच सुरू होते. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसलेला आराखडा बहुधा बहुविद्याशाखीय संकलनाकडे झुकतो.

(उ) सत्रनिहाय आढावा : विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात समितीपुढे सादरीकरण करून प्रगतीचा संक्षिप्त अहवाल द्यावयाचा असतो. प्रगती असमाधानकारक असल्यास समितीने कारणे नोंदवून सुधारणा सुचवावयाच्या असतात. तरीही सुधारणा न झाल्यास कारणांसह नोंदणी रद्द करण्याची शिफारस होऊ शकते. दोन्ही विषयांतील प्रगतीची नोंद स्वतंत्रपणे झाली, तर एका विषयातील पिछेहाट दुसऱ्या विषयातील प्रगतीआड लपणार नाही. अन्यथा ‘प्रगती समाधानकारक’ हा शेरा सहा सत्रे मिळत राहतो आणि दोष अखेरीस उघड होतो.

(ऊ) प्रबंधपूर्व सादरीकरण व साहित्यचौर्य तपासणी : प्रबंध सादर करण्यापूर्वी समितीपुढे सादरीकरण होते आणि ते सर्व अध्यापक व संशोधक विद्यार्थ्यांसाठी खुले असते. दुसऱ्या विषयाच्या विभागाला यासाठी आवर्जून निमंत्रण द्यावे. अपरिचित श्रोत्यांचे प्रश्न परीक्षकाच्या प्रश्नांची पूर्वतयारी ठरतात. 2016 च्या नियमावलीतील, प्रबंधापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रकाशित करण्याची अट 2022 च्या नियमावलीत नाही. तरीही दुसऱ्या विषयाच्या समीक्षित नियतकालिकाकडे एक निबंध पाठविणे हिताचे आहे, कारण त्या क्षेत्राचे मत त्यातून वेळेवर कळते.

2018 च्या साहित्यचौर्यविषयक नियमावलीनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही; 10 ते 40 टक्क्यांपर्यंत सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत सादर करावा लागतो; 40 ते 60 टक्क्यांपर्यंत एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करता येत नाही; आणि 60 टक्क्यांहून अधिक साम्य असल्यास नोंदणी रद्द होते. अनोळखी विषयातील व्याख्या आणि प्रयोगपद्धती पाठ्यपुस्तकातून जशाच्या तशा उचलण्याचा मोह अधिक असतो. जे आत्मसात झालेले नाही ते स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही. म्हणून हा प्रश्न नीतिमत्तेइतकाच आकलनाचाही आहे.

(ए) परीक्षण व मौखिक परीक्षा : प्रबंधाचे मूल्यमापन मार्गदर्शक आणि किमान दोन बहिःस्थ परीक्षक करतात. एका बहिःस्थ परीक्षकाने प्रबंध नाकारल्यास तो पर्यायी परीक्षकाकडे जातो; त्यानेही शिफारस न केल्यास प्रबंध अमान्य होतो. दोन्ही परीक्षक एकाच विषयाचे असतील, तर दुसरा विषय एकतर तपासलाच जात नाही किंवा ‘हे आमच्या विषयात बसत नाही’ असा आक्षेप येतो. प्रत्येकी एका विषयाचा परीक्षक नेमला तर प्रत्येकजण आपल्याच विषयाची संपूर्ण खोली अपेक्षितो. म्हणून परीक्षकांच्या नामसूचीत दोन्ही क्षेत्रांची जाण असलेली किमान काही नावे असावीत, आणि संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न व मर्यादा प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात निःसंदिग्धपणे मांडलेल्या असाव्यात.

5. कालमर्यादा

पीएच.डी.साठी पूर्व-अभ्यासक्रमासह किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहेत. पुनर्नोंदणीद्वारे आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेले विद्यार्थी यांना याखेरीज दोन वर्षांची सवलत असून, त्यांची एकूण मर्यादा दहा वर्षे आहे. मुदत एक विषय करणाऱ्यास आणि दोन विषय करणाऱ्यास सारखीच आहे. दुसऱ्या विषयाच्या पायाभूत अध्ययनासाठी जाणारा काळ याच मुदतीतून वजा होतो. आपल्या विद्यार्थ्याला तलावांचे ऋतुमानानुसार नमुने घ्यावयाचे असतील, तर चुकलेल्या पावसाळ्यासाठी पूर्ण वर्ष थांबावे लागेल. महाविद्यालयात अध्यापन सांभाळून अंशकालीन पीएच.डी. करणाऱ्यांना हा ताण अधिक जाणवतो.

6. समारोप

आंतरविद्याशाखीय पीएच.डी.साठी निराळी नियमावली असावी, असा आग्रह धरण्याची आज गरज नाही. आहे त्या नियमावलीत मुलाखत, सहमार्गदर्शक, पूर्व-अभ्यासक्रम, आराखडा, सत्रनिहाय आढावा आणि प्रबंधपूर्व सादरीकरण अशा सहा ठिकाणी दुसऱ्या विषयाची कसोटी लावता येते. या सहाही ठिकाणी ती टाळली गेली, तर सातव्या ठिकाणी परीक्षक ती लावतोच. आणि तेव्हा दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याच्या हाती वर्षे उरलेली नसतात. विभाग, समिती आणि मार्गदर्शक यांच्या शैथिल्याची किंमत अशा वेळी एकटा विद्यार्थी मोजतो. नियमांनी दार उघडले आहे. त्या दारातून आत आलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही विषयांचे अध्यापक वेळीच आणि वारंवार भेटतील, एवढी व्यवस्था करणे महाविद्यालयाच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी कोणत्याही नव्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.