भातखाचरांतील पट्टेरी मासा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत मासा येत नाहीं. परंतु ज्या माशाविषयीं आज आम्ही लिहीत आहों, त्यास मत्स्याहारी लोकही फारसें विचारीत नाहींत. लांबी जेमतेम दीड इंच, अंगावर शेपटीपर्यंत गेलेल्या निळ्या रेघा. ह्या रेघांमुळेंच त्यास ‘झेब्रा मासा’ म्हणतात. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या प्रदेशांतील संथ ओढ्यांत व भाताच्या खाचरांत तो थव्यानें हिंडतो. कंपनी सरकारच्या चाकरींतील डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन ह्यांनीं गंगेच्या माशांवरील आपल्या १८२२ सालच्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें. ‘दानिओ’ हें त्याचें शास्त्रीय नांव बंगाली ‘धानी’ ह्या शब्दावरून आलें आहे. धानाच्या शेताशीं असलेलें नातें असें नांवांत राहून गेलें.

पुढें हा मासा परदेशीं दिवाणखान्यांतील कांचेच्या पेट्यांत जाऊन बसला. त्याची खरी योग्यता ओळखली ती अमेरिकेंतील ऑरेगन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायझिंगर ह्यांनीं. त्यांचा गाजलेला निबंध १९८१ सालचा. ह्या माशाचीं अंडीं मादीच्या शरीराबाहेर वाढतात व कांचेसारखीं पारदर्शक असतात. सूक्ष्मदर्शकाखालीं अवघ्या एका दिवसांत डोकें, डोळे व शेपूट ओळखूं येतात आणि हृदय धडधडूं लागलेलें दिसतें!

परंतु खरें नवल ह्या हृदयाचेंच आहे. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, रक्त पुढें ढकलणाऱ्या कप्प्याचा सुमारें पांचवा हिस्सा कापून काढला असतां तो दोन महिन्यांत नव्या स्नायूनें भरून आला. मनुष्यास हृदयविकाराचा झटका आला म्हणजे मेलेल्या स्नायूच्या जागीं वण उरतो. वण आकुंचन पावत नाहीं, आणि सारा भार उरलेल्या हृदयावर पडतो. ज्या घरांतील कर्ता पुरुष असा एकाएकीं अंथरुणास खिळला, त्या घरास ह्या फरकाची किंमत सांगावयास नको. माशाच्या हृदयांतील शिल्लक पेशी पुन्हा वाढीस लागतात. आमच्या प्रौढ हृदयांतील पेशी ती विद्या जवळजवळ विसरल्या आहेत. त्यांस ती पुन्हा शिकवितां येईल काय? मनुष्याच्या सुमारें शेकडा ७० जनुकांचे जोडीदार ह्या माशांत असल्याचें २०१३ सालीं दिसून आल्यामुळें हा प्रश्न वायफळ म्हणतां येत नाहीं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतही हे मासे पाळून असें संशोधन झालें आहे. औषध मात्र अद्याप हातीं आलेलें नाहीं. तें उद्यांच येणार म्हणून सांगणाऱ्यांवर आमचा विश्वास नाहीं.