गाळाचा मागोवा : बंदर विकासात किरणोत्सारी ट्रेसरचा उपयोग

मुंबईसारख्या बंदरात मोठी जहाजे येण्यासाठी जलमार्गाची खोली सतत राखावी लागते. भरती-ओहोटीबरोबर येणारा गाळ यंत्रांनी उपसून समुद्रात टाकला जातो. हा खर्च आवर्ती स्वरूपाचा आहे. टाकलेला गाळ प्रवाहाबरोबर जलमार्गात परतल्यास त्याच गाळावर पुन्हा खर्च होतो. त्यामुळे गाळ कोठे टाकावा, हा तांत्रिक तसाच आर्थिक प्रश्नही ठरतो.

तंत्राचे स्वरूप

टाकलेला गाळ तळावरील इतर गाळात मिसळल्यावर वेगळा ओळखता येत नाही, ही मुख्य अडचण होय. ती दूर करण्यासाठी ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने मुंबईसह देशातील अनेक बंदरांत किरणोत्सारी ट्रेसरचा वापर केला. स्कँडियमयुक्त काचेची भुकटी करून तिच्या कणांचा आकार व घनता गाळाच्या कणांशी जुळविली जाते. अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याने स्कँडियम-४५ पासून किरणोत्सारी स्कँडियम-४६ तयार होते. ही भुकटी नियोजित जागी समुद्रतळाशी सोडतात. त्यानंतर बोटीमागून तळावरून ओढल्या जाणाऱ्या शोधकाद्वारे गॅमा किरणांची नोंद घेतली जाते. त्यावरून गाळ कोणत्या दिशेने आणि किती दूर सरकला, हे समजते.

अर्धायुष्याचे महत्त्व

स्कँडियम-४६ चे अर्धायुष्य सुमारे ८४ दिवस आहे. म्हणजेच २५२ दिवसांनी मूळ किरणोत्सारिता एक-अष्टमांश उरते. काही महिन्यांच्या निरीक्षणास हा काळ पुरेसा असून पुढे ती झपाट्याने क्षीण होते.

बंद विद्युत्-विसर्जन नळीत प्रश्न वेगळा असतो. दीर्घ वापरात तिच्यातील वायू काच व विद्युतअग्रांत शोषला जातो. भरतानाच वायूत अल्प क्रिप्टॉन-८५ मिसळल्यास ही घट अजमावता येते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १०.७ वर्षे असल्याने चाचणीच्या काळात ट्रेसर स्वतः फारसा घटत नाही. सारांश, ट्रेसरचे आयुष्य प्रश्नाच्या कालावधीशी जुळले पाहिजे.

संस्थात्मक व्यवस्था

४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाल्यावर देशात समस्थानिकांच्या निर्मितीचा मार्ग खुला झाला. १९८९ मध्ये स्थापन झालेले विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ त्यांचा पुरवठा करते. सुरक्षिततेचे नियमन १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे.

ट्रेसर गाळ थांबवू शकत नाही. मात्र उपशावरील सार्वजनिक खर्च निष्फळ ठरणारी जागा तो आधीच दाखवून देतो. अल्प खर्चाच्या मोजमापाने मोठा आवर्ती खर्च वाचविणे, हेच या तंत्राचे विकासाच्या दृष्टीने खरे मूल्य होय.