पुतळीची पारख

गगनबावड्याच्या कड्यावरून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात आणि ती वाट पुढे खारेपाटणच्या खाडीला जाऊन मिळते. त्या खारेपाटणात सापडलेल्या, शके ९३० मधील शिलाहार राजा रट्टराज याच्या ताम्रपटात, द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक तारवामागे एक सुवर्ण गद्याणक देवस्थानाकडे लावून दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे समुद्रावरून आलेले सोने या मुलखात मोजले जाऊ लागल्यास सहस्र वर्षे लोटली. पुढे बावडा हे पंत अमात्यांचे ठाणे झाले, आणि अमात्य म्हणजे तर राज्याच्या जमाखर्चाचा मुजुमदार. रामचंद्रपंतांनी आज्ञापत्रात साहुकारांविषयी स्वतंत्र प्रकरण लिहावे, हे त्या पदाला साजेसेच होते. अशा गावातील एखाद्या जुन्या घराच्या पेटीत परदेशी सोन्याची माळ निघाली, तर त्यात विस्मय वाटण्याजोगे काही नाही.

ती माळ पुतळ्यांची होती. पुतळी हे मुळात व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचे ‘डुकाट’ नावाचे नाणे. इ. स. १२८४ मध्ये ते प्रथम पाडले गेले आणि १७९७ मध्ये नेपोलियनने ते राज्य बुडवीपर्यंत, पाचशे वर्षांहून अधिक काळ, त्याचे वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि कस जवळजवळ निर्भेळ सोन्याचा राहिला. मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात मिसर आणि तांबड्या समुद्राच्या वाटेने ते हिंदुस्थानात येत राहिले. सभासदाने जिंजीस लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्याची जी यादी दिली आहे, तीत होनांच्या नाना जातींबरोबर पुतळ्याही आहेत. लोकांची मागणी मोठी आणि अस्सल नाणी अपुरी, म्हणून आमच्या सोनारांनी त्या छापाच्या हुबेहूब, किंवा हुबेहूब करण्याच्या उद्देशाने, पुतळ्या घडविल्या. आणि त्यामुळेच पुतळी पारखणे हे होन पारखण्याहून अवघड काम झाले.

कोल्हापूरच्या गुजरीत ज्यांची हयात गेली, असे एक वृद्ध पारखी ते काम करीत असताना मी त्यांच्याजवळ बसलो होतो. बाहेर बावड्याचा पाऊस कोसळत होता, आणि तरीही त्यांनी वरचा दिवा मालवायला सांगितला. खिडकीतून येणारा तिरपा, मंद उजेडच त्यांना हवा होता, कारण डोक्यावरच्या दिव्याने सोने चमकते आणि छापाची खोली दिसेनाशी होते. पुतळी ते केवळ कडेने धरीत; तिच्या तोंडावर बोट म्हणून त्यांनी एकदाही ठेवले नाही.

प्रथम वजन. डुकाटाचे साडेतीन ग्रॅम म्हणजे जुन्या हिशेबाने सुमारे २९ गुंजा, तीन मासे पाच गुंजांस किंचित कमी. परंतु माळेतल्या प्रत्येक पुतळीला वर सोन्याचे नाके डाखलेले होते, तेव्हा वजन जास्त भरणार हे उघडच होते. पाण्यात तोलून घनता काढण्याची रीत मी सुचविली. शुद्ध सोने पाण्याच्या १९.३ पट जड, त्यामुळे अस्सल पुतळीने पाण्यात ०.१८ ग्रॅमच हलके व्हावे. “डाखात तांबे-चांदी असते,” ते म्हणाले, “ते धरून आलेला आकडा खोट्याला खरे आणि खऱ्याला खोटे ठरवील. इथे डोळ्यांचीच साक्ष घ्यावी लागते.”

आणि त्या साक्षीचा तपशील मोठा मनोरम होता. अस्सल छापात डाव्या बाजूस उभे असलेले संत मार्क राज्याध्यक्षाच्या हाती ध्वज देतात आणि अध्यक्ष गुडघे टेकून तो स्वीकारतो; पाठीमागे बदामाकृती तारांकित प्रभावळीत ख्रिस्त उभा असतो, आणि भोवती लॅटिन लेख. ज्या सोनाराला ती लिपी ठाऊक नव्हती त्याच्या हातून अक्षरांच्या नुसत्या उभ्या रेघा झाल्या, ध्वजदंड मण्यांची ओळ बनला, आणि दोन्ही आकृतींचे हातपाय काड्यांसारखे सडपातळ झाले. माळेतील बहुतेक पुतळ्या या जातीच्या निघाल्या. एका पुतळीवर मात्र भिंगाखाली अक्षरे जुळली: आल्विझे मोचेनिगो. पण या नावाचे चार अध्यक्ष होऊन गेले. नावावर न थांबता त्यांनी अक्षरांचे वळण आणि आकृतींची घडण यांचा संग्रहातील छायाचित्रांशी मुकाबला करून ती चौथ्याची, म्हणजे १७६३ ते १७७८ या काळातील, असावी असा निर्णय दिला. ओतीव खोट्या नाण्यात दिसणारे सूक्ष्म बुडबुडे तिच्यावर नव्हते. घणाच्या आघाताने कडेला पडलेली बारीक चीर मात्र होती, आणि तिने त्यांचे समाधान झाले.

झिजेचे वाचन मला सर्वांत नवे वाटले. बाजारात हातोहात फिरलेले नाणे दोन्ही तोंडांवर सारखे झिजते. माळेत ओवलेले नाणे वस्त्राकडील अंगाने अधिक गुळगुळीत होते आणि शेजारच्या पुतळीला घासून त्याच्या दोन कडा बोथटतात. ही पुतळी तशी झिजली होती; व्यवहारात ती फारशी फिरलीच नसावी.

दुर्मीळतेचा प्रश्न निघाला तेव्हा घरच्या आईसाहेबांनी विचारले, “मग काका, खरी तेवढी वेगळी काढून नाके उतरवून घेऊ का?”

“नको, आईसाहेब. नाके काढले तर डाखाचा डाग राहील, आणि आज आहे तीही किंमत जाईल.” मग त्यांनी समजावून सांगितले की, अठराव्या शतकातील व्हेनिसची नाणी विपुल आहेत आणि जगभरच्या संग्रहांत त्यांच्या याद्या झालेल्या आहेत; याउलट आमच्या सोनारांच्या पुतळ्या कोणत्या गावी, कोणत्या ठशाने झाल्या याची रुजुवात अद्याप व्हायची आहे, आणि त्यांतल्या कित्येक दरसाल मुशीत जातात. मला त्यांचे म्हणणे सर्वस्वी मान्य आहे. बाजार ज्याला नक्कल म्हणून बाजूला सारतो, तेच या माळेतील आमचे स्वतःचे कर्तृत्व आहे, आणि नाक्यामुळे नाण्याची प्रत उतरते हे खरे असले तरी एका परदेशी मोहरेचा मराठी दागिना कसा झाला याचा दाखला त्या नाक्यातच आहे.

माळ धुऊ नये, चिंच-रिठा लावू नये, खाचांतला तांबडा मळ तसाच राहू द्यावा, असे बजावून त्यांनी प्रत्येक पुतळीचे दोन्ही अंगांचे छायाचित्र मोजपट्टी ठेवून घेतले आणि ओवणीचा अनुक्रम लिहिला. शेवटी, माळ घरात कशी आली, असे त्यांनी विचारले. सासूबाईंच्या माहेरची, राजापूरची, असे उत्तर मिळाले. तेव्हा बंदराचे ते नाव त्यांनी कागदाच्या अगदी माथ्यावर, वजन आणि कसाच्याही आधी लिहिले, आणि सासूबाईंच्या आजोळचे गाव कोणते, ते विचारू लागले.