काच होती कुठे?

22 जानेवारी 2017, रविवार, रात्रीचे नऊ. बीबीसी वनवर 'ॲपल ट्री यार्ड' ही नवी मालिका सुरू व्हायची होती. एमिली वॉटसन नायिका, लुईझ डाउटी यांची 2013 मध्ये आलेली कादंबरी मालिकेचा आधार, रीतसर जाहिराती झालेल्या. तरीही काही प्रेक्षक त्या वेळी टीव्हीसमोर बसले होते ते भलत्याच आशेने. ही मालिका म्हणजे नुसता बनाव आहे, नऊच्या ठोक्याला ती बाजूला सरेल आणि 'शेरलॉक'चा गुपचूप चित्रित केलेला चौथा भाग सुरू होईल, अशी त्यांची खात्री होती.

असा भाग नव्हता. कधीच नव्हता. तो आहे असं लोकांना वाटलं याचं कारण एवढंच, की आठवड्यापूर्वी दाखवलेला भाग त्यांना अतिशय वाईट वाटला होता.

एखादा भाग फसला की प्रेक्षक काय करतो? चार शिव्या घालतो, वाहिनीला पत्र लिहितो, फार तर मालिका बघणं सोडतो. इथे मात्र निराश झालेल्या लोकांनी त्या फसलेल्या भागावरच तपास सुरू केला. इतका वाईट भाग चुकून कसा होईल, तो मुद्दामच वाईट केला असणार, म्हणजे तो एक धागा आहे, असं त्यांचं म्हणणं. टीव्हीच्या इतिहासात इतका विलक्षण तर्क मी दुसरा पाहिलेला नाही. आणि थोडं मागे जाऊन पाहिलं तर या वेडाला शंभर वर्षांची परंपरा आहे.

भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्स भेटलेल्या मराठी वाचकाला बेकर स्ट्रीट नवा नाही. स्टीव्हन मॉफट आणि मार्क गॅटिस यांनी तोच होम्स आजच्या लंडनमध्ये आणला. बेनेडिक्ट कंबरबॅच शेरलॉक, मार्टिन फ्रीमन जॉन वॉटसन. पहिला भाग 25 जुलै 2010 ला लागला. प्रत्येक भाग दीड तासाचा, प्रत्येक मोसमात तीनच भाग. साडेसहा वर्षांत विशेष भाग धरून अवघे तेरा. आपल्याकडच्या रोजच्या मालिका तेरा भाग दोन-अडीच आठवड्यांत उडवतात. तेव्हा या प्रेक्षकांकडे वेळच वेळ होता, आणि त्या वेळात ते काय शिकले ते पाहण्यासारखं आहे.

15 जानेवारी 2012 ला दुसऱ्या मोसमाच्या शेवटी शेरलॉक लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या छतावरून उडी मारतो. जॉन खाली रस्त्यावर उभा, फोन कानाला. शेरलॉक त्याला बजावतो, आहेस तिथेच थांब. जॉन आणि पदपथ यांच्यामध्ये एक बुटकी इमारत येते, त्यामुळे शेरलॉक जमिनीवर कसा पडला हे जॉनला दिसत नाही. तो धावत निघतो तर एक सायकलवाला त्याला पाडतो. पोचेपर्यंत गर्दी, रक्त, नाडी बंद. आणि शेवटच्या दृश्यात शेरलॉक दफनभूमीत जिवंत उभा.

कसा वाचला? उत्तरासाठी 1 जानेवारी 2014 उजाडावं लागलं. सगळ्यांच्या नजरेतून एक धागा निसटलाय, असं मॉफट यांनी मध्येच जाहीर करून टाकलं. मग काय विचारता! लोकांनी तो प्रसंग एकेक चौकट थांबवून पाहिला. रुग्णालयाशेजारच्या लाल टेलिफोन बूथवर चाहते शेरलॉकवरच्या विश्वासाच्या चिठ्ठ्या चिकटवून जाऊ लागले. उडीच्या आधी प्रयोगशाळेत शेरलॉक एक छोटा रबरी चेंडू भिंतीवर आपटत बसलेला असतो, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं. असा चेंडू काखेत दाबून धरला की मनगटाची नाडी लागत नाही. काखेत कळसा, अगदी शब्दशः!

दोन वर्षांनी मालिकेने जो खुलासा दिला त्यात चेंडू होता, हवा भरलेली गादी होती, सारख्या चेहऱ्याचं प्रेतही होतं. पण लेखकांनी आणखी एक मिश्किलपणा केला. शेरलॉकच्या सुटकेचे तर्क लढवणारं एक चाहतेमंडळच त्यांनी भागात घातलं. शेरलॉक त्या मंडळाच्या म्होरक्याला, अँडरसनला, सगळं उलगडून सांगतो आणि तो ऐकून थोडा हिरमुसतो. आपण हे वेगळ्या तऱ्हेने केलं असतं, असंही म्हणतो. निराश चाहत्याचं इतकं नेमकं चित्र त्या चाहत्याच्याच लाडक्या मालिकेत! मला तर हा सगळ्या मालिकेतला सर्वांत हुशार क्षण वाटतो. हजारो डोकी दोन वर्षं एका कोड्यावर खपली की त्यातल्या काहींची उत्तरं लेखकाच्या उत्तरापेक्षा सरस निघणारच. लेखक अखेर एक किंवा दोन, आणि त्यांना एकच उत्तर निवडायचं असतं.

म्हणजे 2017 उजाडेपर्यंत या प्रेक्षकाच्या अंगात एक सवय मुरली होती. पडद्यावर दिसतं ते खरं धरायचं नाही, मूर्खासारखी वाटणारी गोष्ट सर्वांत आधी तपासायची.

मग 15 जानेवारी 2017 ला, त्या उडीला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, चौथ्या मोसमाचा शेवटचा भाग लागला. नाव 'द फायनल प्रॉब्लेम'. आदल्याच दिवशी त्याची रशियन भाषेत डब केलेली प्रत फुटली होती आणि ती पसरवू नका अशी विनवणी करायची पाळी निर्मात्यांवर आली होती. शेरलॉकला युरस नावाची बहीण आहे, अतिबुद्धिमान आणि अतिधोकादायक, आणि ती शेरिनफोर्ड नावाच्या बेटावरच्या तुरुंगात कैद आहे, असं कथानक. सुरुवातीलाच बेकर स्ट्रीटच्या घरात बॉम्ब फुटतो, शेरलॉक आणि जॉन खिडक्यांतून बाहेर झेपावतात आणि थोड्याच वेळात एका बोटीवर ठणठणीत दिसतात. विमानात सगळे बेशुद्ध, एकटी लहान मुलगी जागी, ती फोनवरून मदत मागते. शेवटी कळतं की ना विमान होतं ना मुलगी, तो युरसच्या मनाचा खेळ. शेरलॉकच्या लहानपणच्या ज्या लाडक्या कुत्र्याचा आधीच्या मोसमात हळवा उल्लेख आला होता, तो कुत्रा नव्हताच, तो त्याचा मित्र होता आणि युरसने त्याला विहिरीत मारलं होतं. जॉनलाही पायात साखळी घालून विहिरीत टाकलं जातं, पाणी चढत जातं, मग वरून दोर येतो आणि जॉन सुटतो.

पण लोकांच्या डोक्यात गेली ती काच. युरसची कोठडी काचेच्या भिंतीआड आहे. काचेपासून तीन फूट लांब राहा, अशी ताकीद. शेरलॉक तिच्यासमोर उभा राहतो, बोलत बोलत जवळ सरकतो, ती हात पुढे करते, तोही करतो, आणि बोटांना बोटं लागतात. मध्ये काच नाहीच! ती आधीच काढून ठेवलेली. बुटावरच्या चिखलावरून माणसाचा प्रवास सांगणाऱ्या शेरलॉकला हातभर अंतरावर काच आहे की नाही हे कळलं नाही. नाट्य म्हणून तो क्षण दचकवतो हे खरं. पण रहस्यकथेचा वाचक नाट्याने फार वेळ गप्प बसत नाही. त्याला आधी हिशेब हवा असतो.

रहस्यकथेतली निराशा इतर निराशांपेक्षा बोचरी का असते, त्याचं कारण इथे सापडतं. प्रेमकथेचा शेवट फसला तर शेवट तेवढा फसतो. रहस्याचं उत्तर मात्र मागे मागे जातं, आधीच्या प्रत्येक प्रसंगात शिरतं आणि त्याचा अर्थ बदलतं. उत्तर चांगलं असेल तर जुने प्रसंग नव्याने उजळतात. आधीच्याच आठवड्यात बसमधली बाई, मानसोपचारतज्ज्ञ आणि एक अशील या तिन्ही युरसच होत्या हे कळल्यावर याच प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या होत्या. उत्तर पटलं नाही, तर ज्या कुत्र्यासाठी तीन वर्षांपूर्वी गलबललो ते गलबलणंही फसवणुकीत जमा होतं. 'द फायनल प्रॉब्लेम'च्या प्रसारणाच्या रात्रीचा प्रेक्षकांचा आकडा सुमारे 59 लाख होता. 2014 च्या त्या खुलाशाच्या भागाला पहिल्याच रात्री 92 लाख मिळाले होते.

त्यातून चौथ्या भागाचा तर्क जन्मला, आणि तो मुळीच वेडगळ नव्हता. याच मोसमाच्या दुसऱ्या भागात खलनायक कल्व्हर्टन स्मिथला शेरलॉकने लपवलेली ध्वनिमुद्रणाची तीन यंत्रं सापडतात आणि तो निर्धास्त होतो. चौथं यंत्र जॉनच्या काठीत असतं. तीन सापडली की माणसं शोधायची थांबतात, अशा अर्थाचं वाक्य शेरलॉक तिथे टाकतो. आता मोसमात भाग किती? तीन! कॉनन डॉइल यांची 1898 ची 'द लॉस्ट स्पेशल' नावाची कथा आहेच, दोन स्टेशनांच्या मध्ये आख्खी आगगाडी गायब होते ती. लपवलेल्या भागाचं नावही म्हणून ठरून गेलं. शेरलॉक आणि जॉन यांच्यातलं प्रेम अखेर उघड होईल अशी वर्षानुवर्षं आस लावून बसलेलेही या गटात बरेच होते. ज्यांची अपेक्षा सर्वांत मोठी, त्यांना तर्काची गरजही सर्वांत मोठी. बाकी 'ॲपल ट्री यार्ड' रविवारी ठरल्याप्रमाणे सुरू झाली. तिचे भाग मात्र खरोखरच चार होते.

हसायला येतं, पण थांबा. डिसेंबर 1893 मध्ये 'स्ट्रँड' मासिकात डॉइल यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधल्या राइशेनबाख धबधब्यात लोटलं. त्या कथेचं नावही 'द फायनल प्रॉब्लेम'च. वाचक खवळले, वीस हजार वर्गणीदारांनी मासिक सोडलं असं सांगतात. 1903 मध्ये डॉइल यांनी होम्सला परत आणलं, तर लोकांची नवीच कुरकुर. कॉर्नवॉलमधल्या एका नावाड्याने त्यांना ऐकवलं, की कड्यावरून पडून होम्स मेला नसेलही, पण त्यानंतर तो पूर्वीचा राहिला नाही. हा किस्सा खुद्द डॉइल यांनीच आत्मचरित्रात नोंदवलाय.

आणि 1911 साली ऑक्सफर्डमध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या तरुणाने एक निबंध वाचला. बायबलचे पंडित जसे उताऱ्यांतल्या विसंगतींवरून खरंखोटं ठरवतात, त्याच गंभीर चेहऱ्याने त्याने होम्सच्या कथा तपासल्या. परतीनंतरच्या कथा पचत नाहीत ना? मग त्या घडल्याच नाहीत, पैशासाठी वॉटसनने मनाने रचल्या! वाईट भाग खोटा आहे, खरा दुसरीकडे आहे; 2017 मधल्या प्रेक्षकांनी काढला तो हाच निष्कर्ष, फक्त नॉक्स गालातल्या गालात हसत होता. डॉइल यांनी 1912 मध्ये त्याला पत्र लिहिलं. या विषयावर कुणी इतके कष्ट घ्यावेत याचं त्यांना नवल वाटलं होतं, आणि या बाबतीत तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक आहे, अशी कबुलीही त्यात होती. पुढे 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले ते याच नॉक्स यांनी. गुप्तहेराला मिळालेला प्रत्येक धागा वाचकालाही लगेच दाखवला पाहिजे, हा त्यातलाच एक.

नॉक्सपासून हा खेळ फोफावला. डॉइल घाईने लिहीत, मागचं विसरत. वॉटसनला पहिल्या कादंबरीत गोळी खांद्याला लागते, दुसरीत पायाला. त्याचं नाव जॉन, पण एका कथेत त्याची बायकोच त्याला जेम्स म्हणते. लेखक चुकला असं म्हणून सोडून देणं या मंडळींना मंजूर नव्हतं. स्वतः नामवंत रहस्यकथाकार असलेल्या डोरोथी सेयर्स यांनी तोड काढली: वॉटसनच्या मधल्या नावाचं आद्याक्षर एच, ते हेमिशचं असणार, आणि हेमिश म्हणजे स्कॉटलंडमधला जेम्सच.

मॉफट आणि गॅटिस याच पंथातले. त्यांच्या मालिकेत जॉनचं मधलं नाव हेमिश आहे. पहिल्याच भागात तो लंगडत येतो, पण गोळी लागलेली असते खांद्याला. पायाचं दुखणं मनाचं आहे, हे शेरलॉक बघताक्षणी ओळखतो. डॉइल यांची शतकापूर्वीची विसंगती त्यांनी अशी खुबीने कथेत मुरवून घेतली. तेव्हा लेखकाच्या चुकीला धागा समजायची विद्या प्रेक्षकांनी उचलली ती याच गुरूंकडून. 2017 नंतर मालिकेचा एकही नवा भाग आलेला नाही, आणि पायात साखळी असताना जॉन नुसत्या दोराने विहिरीबाहेर कसा आला, यावर एखाद्या सेयर्सबाईंची अजून वाट पाहावी लागतेय.