तोरणमाळचा दोन दिवसांचा बेत

खानदेशच्या माणसाला उत्तर दिशा कोणाला विचारावी लागत नाही. चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यात कोठेही उभे राहा. केळीच्या नाहीतर कपाशीच्या शेतापलीकडे सातपुड्याची निळी रेघ दिसते. गंमत अशी की, ही रेघ जन्मभर पाहणारी आपण मंडळी सुट्टी मिळाली की महाबळेश्वरचा रस्ता धरतो. त्या रेघेच्या पाठीशी, हजार मीटरांहून अधिक उंचीवर, आपल्या हक्काचे एक तळे आहे, हे आपल्या गावीही नसते!

गेल्या दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारचा बेत आमच्या घरी शिजू लागला, तेव्हा पहिले नाव निघाले ते सापुताऱ्याचे. मुलांना बोट हवी होती, रोपवे हवा होता. नणंदबाई धुळ्याच्या. त्यांनी मोबाइलवरून मत दिले, “आमच्या जिल्ह्यातले तोरणमाळ सोडून गुजरातेत कशाला जायचे?” यावर आमच्या चिरंजीवांनी त्यांना आठवण करून दिली की, १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि अक्राणी तालुका त्याच्याबरोबर गेला. “जिल्हा गेला असेल, डोंगर तिथेच आहे,” असे आत्याबाईंचे उत्तर आले.

तोवर कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई बोलल्या, “माले बी लई चाला.”

सगळे गप्प झाले. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. माहेर शिरपूरजवळचे. अंगणातून सातपुडा पाहत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. त्यांचे वडील लाकूडफाट्यासाठी पायथ्यापर्यंत गाडी घेऊन जात. मुलींनी तिकडे जायचे नाही, असा घरचा दंडक. पुढे संसार, मग गुडघे. डोंगराच्या आत काय आहे, हे त्यांनी कधी पाहिलेच नाही. आता त्यांना घाट झेपेल का, यावर घरात दोन तट पडले. आमचे हे म्हणाले, “आईला त्रास होईल.” मी म्हटले, त्रास होईल की नाही हे डॉक्टरांनी सांगावे, आणि जायचे की नाही हे आईंनी. डॉक्टरांनी औषधे बरोबर ठेवा आणि दर तासाला पाय मोकळे करू द्या, एवढेच सांगितले.

त्या दिवसापासून बेताचा सारा रंग पालटला. मुलांनी काढलेली आठ-दहा ठिकाणांची यादी मी बाजूला ठेवली आणि तीनच गोष्टी पक्क्या केल्या: घाट उजेडी चढायचा, शनिवारची संध्याकाळ तळ्याकाठी काढायची, आणि उतरतानाही घाई करायची नाही. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस आणि लहान मूल दोन्ही आहेत, त्यांनी हा क्रम जरूर करून पाहावा. यादी पुरी करण्याच्या नादात तळे पाहायचेच राहून गेलेली कुटुंबे मला ठाऊक आहेत.

वाटेचे गणित सोपे आहे. जळगावकरांनी चोपडा-शिरपूरमार्गे शहादे गाठावे. हा रस्ता सातपुड्याला समांतर जातो. धुळेकरांना दोंडाईचा, सारंगखेडा आणि तेथला तापीचा पूल बरा पडतो. आम्ही दोन्ही घरे शहाद्यात भेटलो. ज्यांच्याजवळ गाडी नाही त्यांना शहाद्याहून एस.टी. आहे, मात्र परतीच्या गाडीची वेळ स्थानकावर विचारूनच चढावे. पेट्रोल शहाद्यातच भरून घ्यावे, रोख पैसे जवळ ठेवावे. वर राहण्याची सोय बेताचीच आहे, तेव्हा खोली पक्की झाल्याशिवाय घर सोडू नये. गोरखनाथाच्या दर्शनाला महाशिवरात्रीस महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून लोक लोटतात. निवांतपणा हवा असेल त्याने ते दिवस टाळावे.

शहाद्यापासून तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. म्हसावद, राणीपूर मागे पडले की सपाटी संपते आणि सात पायरीच्या घाटाची वळणे सुरू होतात. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवले होते, म्हणजे पोटात ढवळत नाही. एका वळणावर गाडी थांबवली. मागे डोंगरांच्या घड्या आणि त्यांच्या पलीकडे धूसर सपाटी. “आपले गाव कोणते?” त्यांनी विचारले. गाव तेथून पूर्वेला, कितीतरी दूर. दिसणे शक्यच नव्हते. मी धुक्याकडे हात केला. त्या बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या. मग पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, “वारा फार आहे.”

वारा होताच. दर हजार मीटरांना हवा सहा-सात अंशांनी उतरते असा ढोबळ हिशेब आहे, आणि आमचे जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर. म्हणून तर वैशाखात जळगाव भाजून निघते तेव्हाही येथे जिवाला जरा आराम पडतो. हिवाळ्यात मात्र स्वेटर-शालींना पर्याय नाही.

यशवंत तलावापर्यंत गाडी जाते, हे गुडघे दुखणाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. काठावर सतरंजी अंथरली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, शेव निघाली. ऊन कलले तशी पाण्यावर डोंगराची सावली लांबत गेली, आणि बोटीसाठी हट्ट धरलेली मुले चपटे दगड पाण्यावरून उडवण्यात गढून गेली. सासूबाई पाण्यात पाय सोडून बसल्या. कोणी काही बोलले नाही. आमच्या घरात हे फार दुर्मीळ!

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरखनाथ आणि सीताखाई. पावसाळ्यात सीताखाईत धबधबे कोसळतात. दिवाळीनंतर धारा बारीक होत जातात, पण दरीची खोली पोटात गोळा आणतेच. मुलांचे हात धरावेत. खडकी पॉइंटला तरुण मंडळी पायी गेली, आम्ही सासू-सून पाड्याच्या वाटेने हिंडलो. घरांचे बांबूचे कूड, अंगणात मक्याची कणसे. एका पावरा आजीबाईंना सासूबाईंनी अहिराणीत काही विचारले, त्यांनी पावरीत उत्तर दिले, आणि दोघी मनसोक्त हसल्या. मुलीने मोबाइल उचलला तेव्हा मी तिला आधी विचारायला लावले. आजीबाईंनी मान हलवली, म्हणून फोटो काढला नाही. लोक तेथे राहतात. ते काही प्रदर्शन नव्हे.

शहाद्यात नणंदबाईंचा निरोप घेतला. परतीला सासूबाईंनी डावीकडची खिडकी मागून घेतली. शिरपूर येईतो त्यांची नजर डोंगरावर होती. मग म्हणाल्या, पुढल्या खेपेस धाकट्या बहिणीला आणायचे. तिचे गुडघे माझ्याहून बरे आहेत.