मोहाचा क्षण आणि विवाहाचे वचन

दुसरे महायुद्ध संपले त्या वर्षी, म्हणजे १९४५ साली, इंग्लंडमध्ये ‘ब्रीफ एन्काउंटर’ नावाचा एक कृष्णधवल चित्रपट प्रदर्शित झाला. नोएल कॉवर्ड यांच्या १९३६ सालच्या ‘स्टिल लाइफ’ या एकांकिकेवरून तो तयार करण्यात आला होता आणि त्याचे दिग्दर्शन डेव्हिड लीन यांनी केले होते. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक त्या वर्षी अनेक चित्रपटांना विभागून देण्यात आले होते व त्यांत आपल्या चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ही होता. कॅथलिक आयर्लंडमध्ये मात्र ‘ब्रीफ एन्काउंटर’वर बंदी घालण्यात आली, कारण विवाहित स्त्री-पुरुषांच्या चोरट्या प्रेमाकडे तो सहानुभूतीने पाहतो, असा आक्षेप होता. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. परंतु सहाव्या आज्ञेवर इतके प्रामाणिक भाष्य करणारे चित्रपट फार थोडे आहेत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

कथा अगदी साधी आहे. लॉरा ही एक मध्यमवयीन गृहिणी. पती फ्रेड सज्जन, मुले दोन, घरात कसलाही कलह नाही. दर गुरुवारी ती आगगाडीने जवळच्या गावी जाते, बाजारहाट करते, वाचनालयात पुस्तक बदलते आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परतते. एका गुरुवारी फलाटावर उभी असताना वेगाने गेलेल्या गाडीमुळे तिच्या डोळ्यांत कण जातो. उपाहारगृहात बसलेला अ‍ॅलेक नावाचा डॉक्टर रुमालाच्या टोकाने तो अलगद काढतो. तोही विवाहित, त्यालाही दोन मुलगे. दोघांच्या गाड्या विरुद्ध दिशांना जाणाऱ्या. पुढच्या गुरुवारी रस्त्यात ओझरती भेट होते, त्यानंतरच्या गुरुवारी एकत्र जेवण आणि चित्रपट. आणि सहा-सात आठवड्यांत या दोन अनोळखी माणसांचा एकमेकांवर इतका जीव जडतो की दोघांनाही आपापले घर परके वाटू लागते.

येथे भाविकाच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो: लॉराचे पाप नेमके कोठे सुरू झाले? डोळ्यांतला कण काढला गेला तेव्हा? दोघे एका टेबलावर जेवले तेव्हा? की कधीच नाही, कारण शारीरिक संबंध तर घडलाच नाही?

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात प्रभू येशू सांगतात, की परस्त्रीकडे कामुक हेतूने पाहणाऱ्याने आपल्या अंतःकरणात व्यभिचार केलेलाच असतो. हे वचन ऐकून काही हळव्या मनाची माणसे घाबरून जातात. कचेरीतील एखादा सहकारी आवडला, कोणाच्या बोलण्याने मन प्रसन्न झाले, तर आपण महापाप केले, असे त्यांना वाटते. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. मनात उठणारे भाव स्वतःहून चांगलेही नसतात आणि वाईटही नसतात. बुद्धी आणि इच्छाशक्ती त्यांना कोणत्या वाटेने नेते यावर त्यांचे मोल ठरते, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ स्पष्ट करतो. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसातही वासनेचा ओढा शिल्लक राहतो, परंतु तो ओढा म्हणजे पाप नव्हे, असे ट्रेंटच्या परिषदेने १५४६ सालीच सांगून ठेवले आहे. लग्नाची अंगठी घातल्याने डोळे मिटत नाहीत की हृदय थांबत नाही.

संत अगस्तीन यांनी डोंगरावरील प्रवचनावर भाष्य करताना पापाच्या तीन पायऱ्या दाखविल्या आहेत. पहिली मोहाची चाहूल, दुसरी त्या मोहात मनाचे रमणे आणि तिसरी संमती. दावीद राजाची कथा आठवावी. गच्चीवरून बथशेबा दृष्टीस पडली, हा योगायोग होता. ती कोण, याची त्याने चौकशी केली, तेव्हा ती उरियाची पत्नी आहे हे त्याला स्पष्ट सांगण्यात आले. त्यानंतरही त्याने तिला आणण्यासाठी माणसे धाडली. पहिल्या गोष्टीचा दोष त्याला कोणी देणार नाही. तिसरीनंतर मात्र प्रकरण उरियाच्या मृत्यूपर्यंत गेले.

लॉराच्या कथेत ही संमती कोणत्या क्षणी झाली, हे चित्रपट अतिशय बारकाईने दाखवितो. अ‍ॅलेकबरोबर पहिल्यांदा जेवून ती घरी येते, तेव्हा मुलाला मोटारीचा धक्का लागून किरकोळ इजा झाल्याचे तिला समजते. जणू आपल्याला शिक्षाच झाली, या भावनेने ती अस्वस्थ होते. त्याच रात्री ती फ्रेडला सर्व काही सांगून टाकते: एक डॉक्टर भेटले, आम्ही एकत्र जेवलो, चित्रपट पाहिला. फ्रेडचे लक्ष शब्दकोड्यात असते. तो सहजपणे म्हणतो, मग त्यांना एकदा आपल्याकडे जेवायला बोलाव की! लॉराला हसू आवरत नाही. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी येते. या क्षणापर्यंत सर्व काही उघड आहे आणि म्हणूनच सुरक्षित आहे. दोन गुरुवार उलटतात. दोघे एकमेकांजवळ प्रेमाची कबुली देतात आणि त्या संध्याकाळी लॉरा घरी येऊन प्रथमच खोटे बोलते. आपण एका मैत्रिणीबरोबर होतो, असे ती सांगते आणि त्या मैत्रिणीला दूरध्वनी करून साक्षीही पक्की करून घेते. आपल्यावर पूर्ण विश्वास टाकणाऱ्या माणसाशी खोटे बोलणे किती सोपे आणि किती लाजिरवाणे असते, याची तिलाच शिसारी येते.

आपल्या धर्मग्रामांतील किती तरी विवाहित स्त्री-पुरुष रोज विरार-चर्चगेट मार्गावर जाता-येता दोन-तीन तास घालवितात. तीच गाडी, तोच फलाट, तेच चेहरे. घरातल्या माणसाशी दिवसाकाठी चार वाक्ये बोलणे होत नाही, पण सहप्रवाशाला आपल्या मुलाची परीक्षा कधी आहे हे ठाऊक असते. भर म्हणून हातात मोबाइल आहे. गुरुवारची वाट पाहण्याची गरज उरलेली नाही. अशी प्रत्येक ओळख संशयाने पाहावी, असे मुळीच नाही. निखळ मैत्री हे देवाचे दान आहे. परंतु आजची भेट मी घरी सहज सांगू शकेन का, मोबाइलवरचा हा संदेश पुसून टाकावासा का वाटतो, एवढे दोन प्रश्न स्वतःला विचारले तर आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे बहुधा समजते.

लॉरा एकदा त्याहीपुढे जाते. अ‍ॅलेकच्या मित्राची खोली रिकामी असते. ती प्रथम नकार देऊन गाडीत बसते, पण गाडी सुटण्यापूर्वी उतरते आणि तेथे पोहोचते. तो मित्र अनपेक्षितपणे परत येतो आणि ती मागच्या जिन्याने पळ काढते. तिला वाचविले ते तिच्या सद्गुणाने नव्हे, हे चित्रपट लपवीत नाही. पोटीफराच्या पत्नीच्या हातात वस्त्र सोडून पळालेला योसेफ आपल्या मनाने पळाला होता. लॉराला पळावे लागले. देवाची कृपा कधी कधी अशी अडचणीच्या रूपाने येते.

या सर्व कथेत अ‍ॅलेकची पत्नी पडद्यावर एकदाही दिसत नाही. अशा प्रेमकथांची हीच खरी मेख आहे. ज्याचे वचन मोडले जात असते, तो माणूस चित्रचौकटीच्या बाहेर राहतो. ख्रिस्तसभा मात्र नेमक्या त्याच माणसाकडे बोट दाखविते. व्यभिचार हा सर्वप्रथम अन्याय आहे, असे धर्मशिक्षण ग्रंथ म्हणतो: दिलेल्या वचनाशी अन्याय, जोडीदाराच्या हक्कावर अन्याय, आणि आईवडिलांच्या स्थिर सहवासाची गरज असलेल्या मुलांवर अन्याय. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘अमोरिस लेटिशिया’ या पत्रात एक व्यवहारी गोष्ट मान्य केली आहे, की आयुष्यभर भावना एकसारख्या राहतील असे वचन कोणीच देऊ शकत नाही. परंतु एकत्र जगण्याचा संकल्प माणूस आयुष्यभरासाठी करू शकतो. वेदीसमोर वधूवर जी संमती देतात ती या संकल्पाची असते.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ रद्द केले, तेव्हा ‘आता व्यभिचाराला मोकळीक मिळाली’ असे अनेकांनी म्हटले. तो गैरसमज आहे. तो आता फौजदारी गुन्हा नाही, इतकेच. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात तो आजही घटस्फोटाचे कारण आहे. आणि दिवाणी न्यायालयाच्या घटस्फोटाने वैध संस्काराचे बंधन सुटत नाही, हे तर आपण जाणताच.

ज्याची फसवणूक झाली त्याने काय करावे? कॅनन लॉ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेत कलम ११५२ याविषयी आहे आणि ते अनेकांना माहीत नसते. निरपराध जोडीदाराने ख्रिस्ती प्रेमाने आणि कुटुंबाच्या हितासाठी क्षमा करावी, अशी कळकळीची शिफारस त्यात केलेली आहे, सक्ती नाही. क्षमा न केल्यास सहजीवन थांबविण्याचा हक्क त्याला आहे, मात्र विवाहबंधन कायम राहते. गुन्हा समजल्यानंतरही तो सहा महिने पतिपत्नी म्हणून त्याच जोडीदारासोबत राहिला आणि कोणत्याही अधिकाऱ्याकडे गेला नाही, तर त्याने क्षमा केली असे कायदा गृहीत धरतो. स्वतःहून वेगळे राहू लागल्यास सहा महिन्यांच्या आत ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांसमोर प्रकरण मांडावे लागते. म्हणून अशा प्रसंगी शेजारीपाजारी किंवा नातेवाइकांत चर्चा करीत बसण्याऐवजी आधी आपल्या प्रमुख धर्मगुरूंना भेटावे. आणि जो स्वतः मोहात गुंतला आहे त्याच्यासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे. तेथे बोललेला शब्द धर्मगुरू कोणालाही, कधीही सांगू शकत नाही.

लॉराला असे कोणी भेटत नाही. अ‍ॅलेक दक्षिण आफ्रिकेत नोकरी स्वीकारतो. शेवटच्या भेटीत एक बडबडी ओळखीची बाई मध्येच येऊन बसते, त्यामुळे निरोपाचा शब्दही बोलता येत नाही. तो फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि निघून जातो. क्षणभर लॉरा वेगाने येणाऱ्या गाडीखाली उडी घेण्यासाठी फलाटाच्या कडेपर्यंत धावते आणि थांबते. मग ती घरी येऊन फ्रेडसमोर खुर्चीत बसते. आपण पाहिलेली सारी कथा म्हणजे तिने मनातल्या मनात त्याच्याजवळ केलेले पापनिवेदन असते. त्यातला एक शब्दही तिच्या ओठांवर आलेला नसतो. फ्रेड शब्दकोडे बाजूला ठेवतो, तिच्याजवळ येतो. तू फार दूर गेली होतीस, असे म्हणतो. काहीही विचारीत नाही. परत आल्याबद्दल तिचे आभार मानतो, आणि ती त्याच्या मिठीत रडू लागते.