सिम बदललं तरी टोळी सापडते कशी?

समजा, कुडाळ तालुक्यातल्या वालावलमधल्या एका मुलाचे ‘घरबसल्या काम’वाल्या ग्रुपवर २ हजार रुपये गेले. एवढ्यासाठी तक्रार कोण करणार? पण १९३० वर फोन केला, की समोरच्याचं खातं आणि नंबर सायबर पोर्टलवर नोंदले जातात. त्याच खात्यात नागपूरच्या, सुरतच्या कुणाचेही पैसे गेले असतील, तर तिन्ही तक्रारी जोडता येतात. याला म्हणतात लिंक अ‍ॅनालिसिस. माणसं, खाती, नंबर हे ठिपके. व्यवहार आणि कॉल या रेषा.

सिम रोज बदलतं, पण हँडसेटचा १५ अंकी आयएमईआय बहुतेक वेळा तोच राहतो. (तो बदलणारे महाभागही आहेत, आणि तो गुन्हा आहे.) केंद्राच्या आय४सी यंत्रणेचं ‘प्रतिबिंब’ हे संशयित नंबर नकाशावर दाखवतं.

रेषा देशाबाहेरही जातात. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबरने म्यानमारमधून ६० हून अधिक भारतीयांना सोडवलं. नोकरीच्या आमिषाने नेऊन त्यांना ऑनलाइन फसवणुकीला जुंपलं होतं.

म्होरके लांब बसतात. पोलीस आधी पोचतात ते खातं भाड्याने देणाऱ्याकडे, कारण त्या ठिपक्यावर खरं नाव आणि आधार असतं.